बातमीचाही सातबारा पाहा

जमीन घेताना कागद देखणा आहे म्हणून कुणी इसार देत नाही. विकणाऱ्याने दाखवलेला सातबारा आपण पाहतो, पण व्यवहार त्यावर करत नाही. तलाठ्याकडून किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावरून नवा उतारा काढतो, फेरफार तपासतो, इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, वारसांपैकी एखाद्या बहिणीचे नाव सुटले आहे का, हे बघतो. वकील तीस वर्षांचा शोध घेतात, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतात. हे सगळे करताना समोरचा माणूस लबाड आहे असे आपण मानलेले नसते. पुष्कळदा तो भावकीतलाच असतो, आणि त्यालाही या चौकशीचा राग येत नाही, कारण ती रीत आहे. कागद खरा दिसतो का, हा प्रश्न तिथे गौण असतो. याची नोंद कुठे आहे आणि त्या नोंदीला जबाबदार कोण, एवढेच पाहिले जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले फोटो, आवाज, चित्रफिती आणि सल्ले आता रोज आपल्या हातातल्या फोनवर येत आहेत. त्यांच्याशी वागायची रीतही हीच असायला हवी, असे मला ठामपणे वाटते. ती घरात, गटात, गावात कशी रुजवता येईल ते या लेखात सांगायचे आहे.

आजवर आपण डोळ्यांना आणि कानांना अशी चौकशी लावली नाही, आणि त्याला कारण होते. हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. ऐकलेले आणि पाहिलेले यांत चार बोटांचे अंतर असते, असेही म्हणतो. दोन्हींचा अर्थ एकच: डोळ्यांपुढे आले की वाद मिटला. फोटो, चित्रफीत आणि फोनवरचा ओळखीचा आवाज यांना आपण हळूहळू या प्रत्यक्षाच्याच रांगेत बसवले. आता ती रांग मोडली आहे. अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची नक्कल करणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्येच दाखवली होती. पुढच्याच वर्षी अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातला प्रकार उघड झाला. तिथल्या एका कर्मचाऱ्याला कंपनीच्या वित्तप्रमुखाच्या नावाने गुप्त व्यवहाराचा ईमेल आला. त्याला संशय आला. मग त्याला व्हिडिओ कॉलवर बोलावण्यात आले. तिथे वित्तप्रमुख दिसले, ओळखीचे सहकारी दिसले, आवाज त्यांचेच होते, आणि त्याचा संशय विरला. त्याने १५ व्यवहारांत २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरची ती सगळी मंडळी बनावट होती. त्या माणसाची शंका बरोबर होती आणि डोळ्यांनी ती मोडून काढली, ही गोष्ट मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. नंतर त्याने मुख्य कार्यालयात विचारले तेव्हा खरे कळले. तेच विचारणे पैसे पाठवण्याआधी झाले असते तर एवढे पैसे वाचले असते.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा असतो: चित्र नीट बघा, हाताची बोटे मोजा, डोळ्यांची उघडझाप पाहा, ओठ आणि शब्द जुळतात का बघा. हा सल्ला सदिच्छेने दिलेला असला तरी त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. बनावट चेहऱ्यांच्या पापण्या लवत नाहीत, हे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले आणि थोड्याच दिवसांत पापण्या लवणारे बनावट चेहरे येऊ लागले. सहा बोटांचेही तेच झाले. आज आपण जी खूण पाठ करू, ती उद्या दुरुस्त झालेली असेल. शिवाय खूण सापडली नाही की माल खरा, असा उलटा विश्वास बसतो, आणि तो अज्ञानापेक्षा घातक असतो. मराठी वाचकाला आतापर्यंत एक आयती ढाल होती, तीही गेली. ‘प्रिय ग्राहक, आपले वीज आज रात्री खंडित केले जाईल’ असला मजकूर वाचताच लिंगवचनाच्या चुकीवरून आपण ओळखायचो की हे बाहेरचे काम आहे. आता यंत्र शुद्ध मराठी लिहिते, हवे तर आदराने, हवे तर जवळिकीने. भाषा चांगली आहे म्हणजे माणूस ओळखीचा आहे, हा जुना हिशेब सोडून द्यायला हवा.

मग यंत्राला यंत्रानेच पकडावे, असे अनेकांना वाटते. तो मार्ग अगदीच बंद नाही, पण सामान्य माणसाने त्यावर भिस्त ठेवावी इतका तो पक्का नाही. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचे साधन जानेवारी २०२३ मध्ये आणले. कंपनीच्याच चाचणीत यंत्राच्या लेखनापैकी २६ टक्केच लेखन त्याला पकडता आले, आणि जुलैमध्ये ते मागे घ्यावे लागले. चित्रांवर यंत्रनिर्मित असल्याची खूण असावी यासाठीही प्रयत्न चालू आहेत. आपल्या केंद्र सरकारने अशी खूण सक्तीची करण्यासाठी नियमांचा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडला. हे व्हायलाच हवे. पण खूण लावतो तो प्रामाणिक माणूस. फसवणारा ती लावणार नाही, आणि फाइलच्या पोटात दडलेली माहिती तर व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पुढे पाठवतानाच बहुधा गळून पडते.

खोटे काही आज जन्मले नाही, ही हरकत रास्त आहे. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपल्या भाषेत नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनापासून सांगितला जातो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता साध्या टेलिफोनवरून एका दिवसात देशभर पोहोचली होती. हे मान्य करूनच मी म्हणतो की आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. बनावट पत्राला पूर्वी हस्ताक्षर गिरवणारा माणूस लागायचा, वेळ लागायचा, पकडले जाण्याची भीती असायची. आता तो खर्च जवळजवळ उरलेला नाही, म्हणून पुरवठा अमर्याद झाला आहे. दुसरे असे की १९९५ च्या त्या घटनेत पडताळा घेणे प्रत्येकाच्या हातात होते. दुधात रंग मिसळा आणि चमच्यातले दूध मूर्तीच्या अंगावरून कसे ओघळते ते पाहा, हे वैज्ञानिकांनी दाखवले आणि ज्याला हवे त्याने घरी करून पाहिले. फोनवरच्या चित्रफितीला असा रंग मिसळता येत नाही. तिथे एकच पडताळा उरतो, तो उगमाचा. आणि हा पडताळा जुन्या खोट्यालाही तितकाच लागू पडतो.

राईनपाड्याची आठवण इथे काढलीच पाहिजे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले हे गाव. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. त्या काळात मुले पळवणाऱ्यांच्या अफवा देशभर फिरत होत्या, आणि त्यांच्यासोबत फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. तीत मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलतात आणि क्षणभराने परत आणून सोडतात, हातात इशाऱ्याचा फलक धरतात. आपल्याकडे फिरलेल्या प्रतीतून मूल परत येते तो भागच कापला होता. कृत्रिम बुद्धिमत्ता त्यात कणभरही नव्हती. चित्रातला प्रत्येक क्षण खराखुरा टिपलेला होता, म्हणून बारकाईने बघून काहीही हाती लागले नसते. ही चित्रफीत कुठली, कधीची, पूर्ण आहे का, एवढे विचारले असते तर सारे उघडे पडले असते. ज्यांना वाटते की प्रश्न फक्त नव्या यंत्रांचा आहे, त्यांनी त्या काही कापलेल्या सेकंदांचा विचार करावा.

उगम पाहायचा म्हणजे नेमके काय करायचे? घरात वर्तमानपत्र येत असेल तर शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपातली ओळ पाहा. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, छपाई कुठे झाली आणि बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणाची, हे तिथे छापलेले असते. ती ओळ कुणी वाचत नाही, पण वर्तमानपत्राचा सातबारा तोच. वर्तमानपत्रेही चुकतात, पक्ष घेतात, हे मला ठाऊक आहे. तरीही चूक झाली तर कुणाच्या दारात जायचे हे तिथे ठरलेले असते, आणि जो माणूस नाव लावून बोलतो त्याला बोलण्याआधी थोडे थांबावे लागते. ‘फॉरवर्डेड’ मजकुराच्या तळाशी अशी ओळ नसते. शासनाचेही तसेच आहे. शाळांना सुट्टी, नवी अनुदाने, भरती, निवृत्तीवेतन यांविषयीचे बनावट आदेश सतत फिरतात, आणि त्यांवरचे बोधचिन्ह व सही हुबेहूब असते. पण महाराष्ट्र शासनाच्या खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी त्याचा संकेतांक दिलेला असतो आणि तो निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर असतो. तो आकडा घेऊन तिथे शोधा. निर्णय सापडला तर खरा. नाही सापडला तर गटात टाकण्याआधी तालुक्याच्या कार्यालयात विचारा.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात इतिहासकार, विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली होती. इतिहासकार आणि विद्यार्थी समोरचे पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि देखण्या मांडणीला पुष्कळदा फसले. तपासनिसांनी ते पान जवळजवळ लगेच सोडले, शेजारी नवे पान उघडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधले. ते कमी वेळात आणि अधिक अचूक निष्कर्षाला आले. हीच युक्ती घरी वापरता येते. चित्रफीत पुन्हा पुन्हा बघू नका. तिच्यातले एक दृश्य स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये टाका, तेच दृश्य आधी कुठे आणि कोणत्या साली आले होते ते पाहा. नेत्याचे वाक्य असेल तर त्या सभेचे पूर्ण भाषण शोधा. एखाद्या नामवंताने कुठल्या ॲपची शिफारस केली असेल तर त्याच्या स्वतःच्या खात्यावर ती आहे का बघा. सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची तारीफ करताना दाखवणारी चित्रफीत फिरली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये ती बनावट असल्याचे त्यांनी स्वतःच्याच खात्यावरून सांगितले होते. रिझर्व्ह बँकेलाही आपल्या गव्हर्नरांच्या नावाने गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या बनावट चित्रफितींबद्दल त्याच वर्षी इशारा द्यावा लागला. रिझर्व्ह बँक कुणालाही पैसे गुंतवण्याचा सल्ला देत नाही, एवढे माहीत असले तरी या फितींचा निकाल लागतो.

पैशांच्या बाबतीत नियम आणखी कडक ठेवा. मुलाचा, भाच्याचा, साहेबांचा आवाज आला, अपघात झालाय, पोलिसांनी धरलंय, ताबडतोब पैसे पाठव, असे ऐकू आले की आवाजावर विचार करत बसू नका. फोन ठेवा आणि तुमच्याकडे आधीपासून साठवलेल्या क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन लावा. त्यांनी दिलेल्या क्रमांकावर नाही, आणि ‘फोन ठेवू नका’ असे कुणी म्हणाले तर हमखास ठेवा, कारण खऱ्या माणसाला परत फोन करण्याचे वावडे नसते. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. तो वाढदिवस, गाव किंवा कुत्र्याचे नाव नसावा, कारण ते सगळे समाजमाध्यमांवर असते. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला पोलीस दिसला आणि तो ‘डिजिटल अरेस्ट’ची भाषा करू लागला, तर लक्षात ठेवा की अशी अटक आपल्या कायद्यात नाही. परदेशी मुले असलेल्या घरांनी हे विशेष मनावर घ्यावे. तिथला फोन अपरात्री येतो, क्रमांक अनोळखी असतो आणि काळजी आधीच उंबरठ्यावर उभी असते.

यंत्राला आपण होऊन विचारलेल्या सल्ल्याचा प्रकार वेगळा आहे. तिथे कुणी फसवायला बसलेले नसते. हे यंत्र शब्दांमागून शब्द बहुधा काय येईल याचा अंदाज बांधत लिहिते, म्हणून नसलेला संदर्भही ते असलेल्या संदर्भाच्याच थाटात देते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका वकिलाने असेच न घडलेले खटले न्यायालयात सादर केले आणि त्याला ५,००० डॉलरचा दंड झाला. हे खटले खरे आहेत ना, असे त्याने त्या यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्राने होकार दिला होता. विकणाऱ्याचा सातबारा विकणाऱ्यालाच दाखवून विचारण्यासारखे हे झाले. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीवरील आयकर आकारणी रद्द केली, कारण आदेशात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राच्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबू नका, असे न्यायालयाने बजावले. तेव्हा या साधनांचा उपयोग जरूर करा. अर्जाचा मसुदा, अवघड शब्दाचा अर्थ, डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत याची यादी, हे ती छान करतात. पण औषधाची मात्रा, फवारणीचे प्रमाण, कायद्याचे कलम, अर्जाची शेवटची तारीख यांपैकी काही असेल तर उत्तर कुठून आले ते विचारा आणि ते मूळ पान स्वतः उघडून वाचा. उघडता आले नाही, तर ते उत्तर मिळालेच नाही असे समजून डॉक्टर, कृषी सहायक किंवा वकील यांच्याकडे जा.

एवढे सगळे ऐकून काही जण म्हणतात, मग कशावरच विश्वास नको, तेच बरे. हा निष्कर्ष शहाणपणाचा वाटतो, पण त्याच्याइतके फसवणाऱ्यांच्या सोयीचे दुसरे काही नाही. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनियल सिट्रॉन या अमेरिकी कायदेतज्ज्ञांनी काही वर्षांपूर्वीच हे ओळखले होते: बनावट चित्रफिती बोकाळल्या की खरोखर रंगेहाथ सापडलेल्या माणसालाही ‘ती बनावट आहे’ म्हणून सुटता येते. लाच घेतानाचे चित्रीकरण, पडलेल्या पुलाचा फोटो, रेशनच्या धान्याच्या मापातली चोरी, या सगळ्यावर हेच उत्तर येऊ लागले तर सामान्य माणसाच्या हातातला सर्वांत स्वस्त पुरावा निकामी होईल. म्हणून आपण जे खरे पाठवतो त्याचाही सातबारा जपायला शिकले पाहिजे. चित्रीकरण केले तर मूळ फाइल त्या फोनमध्ये तशीच ठेवा, कापू नका, त्यावर मजकूर किंवा संगीत चढवू नका, कुणाला द्यायची तर डॉक्युमेंट म्हणून द्या, आणि कुठे, कधी, कुणी टिपले ते लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसा, नोंदवावा लागतो. एका सेकंदाची काटछाट केली तरी हा ठसा बदलतो.

दिवसाला शंभर संदेश येतात, प्रत्येकाची चौकशी करायला वेळ कुणाला आहे? खरे आहे, आणि प्रत्येकाची करायचीही नाही. जिथे तुम्ही पैसे देणार, औषध घेणार, मत देणार किंवा कुणावर हात उगारणार, तिथे करा. बाकीचे वाचा आणि सोडून द्या. फक्त पुढे ढकलू नका. ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० वार्तांचा अभ्यास २०१८ मध्ये सायन्स नियतकालिकात आला. त्यात खोटी वार्ता पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या वार्तेपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त दिसली, आणि त्याचे कारण स्वयंचलित खाती नसून माणसेच होती. निवडणुकीत तर थांबण्याला फार मोल आहे. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री, १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, राज्यातल्या नेत्यांचे म्हणून काही आवाज फिरवले गेले. त्यांनी इन्कार केला, आणि पडताळणी करणाऱ्यांनी त्यांतले काही यंत्रनिर्मित असण्याची दाट शक्यता सांगितली. तोवर मतदानाचा दिवस उजाडला होता. अशा शेवटच्या रात्री आलेल्या आवाजावर मत बदलू नये, असे मी स्पष्टच सांगेन. आणि आपल्या हातून चूक झालीच, तर ज्या गटात टाकले त्याच गटात आपल्या नावाने ‘मी पाठवलेले चुकीचे होते’ असे लिहा. वडीलधाऱ्यांकडून झाली असेल तर सगळ्यांसमोर त्यांना ओशाळवाणे करू नका. बाजूला फोन करा, मूळ बातमी दाखवा. अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी विचारायला येत नाही, आणि घरातल्यांनी एकमेकांना विचारणे चालू राहिले तरच खुणेच्या शब्दाचा काही उपयोग आहे.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येतात. हा क्रमांक आजच घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवा, आई-वडिलांच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः साठवून द्या, आणि घरचा खुणेचा शब्द आज रात्रीच्या जेवणाला ठरवून टाका.